खिशातली अक्का

लवू फोटोवाला घरात शिरला की आजारी म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसतात. मानाने नव्हे, भीतीने. मालवणपासून तारकर्लीपर्यंत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त लवूच्या तोंडावर कोणी बोलत नाही. मासळी बाजारात एखादी आजी त्याच्या गळ्यातला कॅमेरा बघून पदर पुढे ओढते आणि लगबगीने सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वाटा न घेताच निघून जाते. लवूला ते दिसतं. तो दुसरीकडे बघतो आणि बांगड्याचा भाव विचारतो.

त्याचा धंदा तसा साधा. मालवणच्या बाजारपेठेत एक गाळा, त्यात एक स्टूल, एक पांढरा पडदा. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे, लग्नं. मोबाइल आल्यापासून या सगळ्याला ओहोटी लागली. पण एक काम असं आहे की ते मोबाइलवर कोणी उरकत नाही, आणि ते म्हणजे भिंतीवरचा फोटो. घरातलं म्हातारं माणूस पेजेवर आलं की मुलगा मुंबईहून येतो, डॉक्टरांशी बोलतो आणि मग परसात जाऊन हळू आवाजात लवूला फोन करतो, की एक बरासा फोटो काढून ठेवूया. लवू जातो. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी चढते, म्हातारीला ठेवणीतलं लुगडं नेसवतात, मागे दोघं जण चादर धरून उभे राहतात. लवू गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो, "भियाव नको. माझ्याकडे बगत रव." तीस वर्षं तो हेच वाक्य म्हणत आलाय. ते माणूस बघतं, लवू बटण दाबतो, आणि मग आठ दिवसांनी नाहीतर महिन्याने त्याच फोटोला चंदनाचा हार पडतो.

माणूस जायला टेकल्यावरच लवूला बोलावतात, तर माणूस जाणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, एवढंच. हे लवूलाही कळत होतं. पण गावाने त्याच्यावर एक विद्या लादली होती. लोक म्हणत, लवूला कॅमेऱ्यात आधी दिसतं. कोण राहणार, कोण जाणार, हे त्याला पडद्यावर बघून कळतं. सुरुवातीला तो यावर हसायचा.

मग त्याचे वडील गेले. ते शाळामास्तर होते, पेन्शनीत निघालेले आणि खणखणीत. रोज सकाळी तारकर्लीच्या पुळणीवरून देवबागेच्या दिशेने चालून यायचे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, त्यावर लावायला फोटो हवा होता. लवूने त्यांना स्टुलावर बसवलं, तेच वाक्य म्हटलं आणि फोटो काढला. बाराव्या दिवशी मास्तर न्हाणीघरात पडले ते उठलेच नाहीत. माणूस जिवंत आहे हे सांगण्यासाठी काढलेला फोटो हार घालून भिंतीवर गेला. त्या दिवसापासून लवूचं हसणं संपलं, आणि त्या दिवसापासून त्याने आपल्या आईवर, म्हणजे अक्कावर, कॅमेरा म्हणून धरला नाही. या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

अक्का आता एक्याऐंशीची. सगळी वाडी तिला अक्का म्हणते म्हणून लवूही अक्काच म्हणतो. अजून स्वतः नारळ सोलते, अजून गणपतीच्या पाच दिवसांत सुनेला चुलीपुढे बसू देत नाही. दर चतुर्थीला नवं लुगडं नेसली की ती एकदा तरी म्हणायची, "लवू, माझो एक काढ रे." लवू कधी म्हणे बॅटरी उतरली, कधी म्हणे उजेड नाही, कधी म्हणे उद्या. जगाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात आईचा एकटीचा एकही फोटो नव्हता. जे होते ते घोळक्यातले, आणि त्यातही लवूने तिला अशा कडेला उभं केलेलं की कोणाचा तरी खांदा तिच्या तोंडावर यावा. घोळक्यात धोका नाही, एकट्याच्या फोटोत आहे, असा त्याने आपल्या मनाशी कायदाच करून टाकला होता.

अशा माणसाला परदेशी जायची वेळ आली ती सर्वेशमुळे. सर्वेश बांद्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, गोव्यात हॉटेल चालवतो. त्याने लग्न काढलं व्हिएतनामच्या समुद्रावर. दारात एवढा समुद्र असताना दुसऱ्याच्या समुद्रावर जाऊन अक्षता टाकायच्या, हे लवूला पटलं नाही, पण लवूला विचारतंय कोण. सर्वेशच्या घरातल्या सगळ्या भिंती लवूनेच भरलेल्या, त्यामुळे फोटोग्राफर म्हणून त्यालाच न्यायचं ठरलं. त्याच्या आजीने मात्र एक अट घातली. ती म्हणाली, येऊ दे बापड्याला, पण माझा एकटीचा काढायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. लवूने या कामासाठी एक जुनी पण चांगली लेन्स आणली होती. ती पारखायला तो सकाळी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभा राहिला. मे महिना होता. खळ्यात चटया अंथरून अक्काने कोकमाची सोलं वाळत घातली होती आणि उकिडवी बसून ती एकेक उलथत होती. हात कोपरापर्यंत तांबडे. लवूने लेन्स पलीकडच्या जास्वंदीवर धरली. नेमकी त्याच वेळी अक्काने मान वर केली आणि सरळ लेन्समध्ये बघितलं. तीस वर्षांचं बोट ते, त्याने डोक्याला विचारलंच नाही. दाबलं.

लवूने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितलं. त्याने आयुष्यात काढलेला तो सर्वांत चांगला फोटो होता. सकाळचं ऊन गालावर, मागे तांबड्या सोलांची चटई, आणि अक्का अशी बघत होती की जणू बावीस वर्षं ती याच क्षणाची वाट बघत बसली होती. असा फोटो लवूने अनेकांच्या भिंतींवर टांगला होता.

अक्काने विचारलं, काय काढलंस? तो म्हणाला, जास्वंदीचो. अक्का थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग सोलं उलथायला लागली.

फोटो पुसून टाकावा म्हणून त्याने बटणावर बोट नेलं, तर त्या बटणावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र. आईला कचऱ्यात कसं टाकायचं? आणि पुसल्यावर ती खरोखरच पुसली गेली तर? ठेवावा तर भीती, पुसावा तर दुप्पट भीती. शेवटी त्याने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढलं, देवळातल्या अंगाऱ्याच्या पुडीत गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवून खिशाला सेफ्टी पिन लावली. बायकोला, सावित्रीला, त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर पोचेपर्यंत त्याने तो खिसा किती वेळा चाचपला ते त्याचं त्यालाच ठाऊक. विमानात तो पहिल्यांदाच बसत होता. बाकीचे वऱ्हाडी ढगांचे फोटो काढत होते. लवू हिशोब करत होता, की मास्तर बाराव्या दिवशी गेले. आज दुसरा दिवस.

व्हिएतनाम म्हणजे रंगांचा नुसता बाजार होता. विमानतळाबाहेर पडल्यापासून जिकडे बघावं तिकडे फोटो. हळदीच्या रंगाच्या भिंती, त्यांवर लोंबणारी गुलाबी बोगनवेल. रस्त्यावर स्कूटरींचा असा लोंढा की भरतीचं पाणी खाडीत शिरावं. एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन पोरं आणि वर कोंबड्यांचा पिंजरा. निमुळत्या टोप्या घालून खांद्यावर कावड घेऊन जाणाऱ्या बायका, कावडीत अननस आणि लाल काटेरी फळं. माडांच्या खालून चालताना लवूला क्षणभर वाटे आपण तारकर्लीतच आहोत, आणि मग समोरून एखादी गोल टोपलीसारखी होडी गिरक्या घेत यायची. आपल्याकडे तांदूळ धुवायच्या रोवळीत बसून कोणी समुद्रात गेलं तर त्याला वेड्यात काढतील. इथे पागी, म्हणजे मासेमार, त्यातून जाळी टाकत होते.

दुसरा कोणी असता तर खुळावला असता. लवू फोटो काढत होता, भरपूर काढत होता, पण त्याचं अर्धं चित्त खिशात होतं. मासळी सुकत घातलेली दिसली की त्याला खळ्यातली चटई आठवे. तांबडं काही दिसलं की अक्काचे हात. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं त्याचं झालं होतं.

आणि त्यात तिथल्या दुकानांनी कहर केला. कुठल्याही दुकानात शिरा, शिंप्याकडे, चहाच्या टपरीत, औषधवाल्याकडे, आत उंचावर एक देव्हारा आणि देव्हाऱ्यात देव नव्हे, माणसांचे फोटो. म्हातारे, म्हाताऱ्या. पुढे उदबत्त्या, केळी, कुठे बिअरचा डबा. लवूने असे फोटो जन्मभर काढले होते, त्यामुळे ते कसले हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. पहिला देव्हारा बघितला तेव्हा तो शिंप्याच्या दुकानातून उलट्या पावली बाहेर आला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. जग पालथं घालून आला तरी त्याचाच धंदा भिंतीवरून त्याच्याकडे बघत होता.

वऱ्हाडाबरोबर थाओ नावाची एक तिथली मुलगी वाटाड्या म्हणून होती. तिचं इंग्रजी आणि लवूचं इंग्रजी, दोन्ही सारखीच मोडकी असल्यामुळे एकमेकांत छान बसायची. रस्ता ओलांडायला तिनेच त्याला शिकवलं. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही. सावकाश चालत राहायचं, गाड्या आपल्या बाजूने वळतात. लवूने एक हात खिशावर दाबून धरला, डोळे अर्धे मिटले आणि रामरक्षा पुटपुटत पलीकडे गेला. थाओ पोट धरून हसली.

घरी तो रोज दुपारी फोन करायचा. पहिल्या दिवशी अक्का बोलली, पावलंस मा, जेवलंस मा, एवढंच. दुसऱ्या दिवशी फोन सावित्रीने घेतला आणि म्हणाली, "अक्का आता झोपल्या आहेत."

लवू लगेच सावध झाला. त्याचं कारण असं, की सावित्री खोटं बोलायला लागली की शुद्ध बोलते. तहसीलदाराच्या कचेरीत उभं राहिल्यासारखी. एरवी तिच्या तोंडात 'निजली हा' असायचं. तिसऱ्या दिवशी अक्का देवळात गेल्या आहेत. चौथ्या दिवशी अक्का आंघोळ करत आहेत. लवूने पुढे एक शब्द विचारला नाही. विचारलं तर ती सांगेल, ही भीती. तो फक्त म्हणायचा, बरं बरं, इकडे ऊन फार आहे, आणि फोन ठेवायचा. मग खोलीतल्या खुर्चीवर बसून हिशोब करायचा. सहावा दिवस.

लग्न त्याने कसं पार पाडलं ते देव जाणे. समुद्रावर मांडव, पांढऱ्या पडद्यांना वारा, सर्वेशची नवरी गौरजा हिरव्या चुड्यात. लवूचे हात सवयीने चालत होते. सर्वेशची आजी घोळक्यात हसतमुख उभी राहायची आणि घोळका पांगला की लवूच्या कॅमेऱ्यासमोरून अशी सटकायची की या वयात तिच्या गुडघ्यांचं कौतुकच वाटावं. एरवी लवूला वाईट वाटलं असतं. त्या दिवशी त्याला वाटलं, शहाणी बाई. माझ्या आईला हे जमलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाड खरेदीला गेलं. लवूने लग्नाचे फोटो असलेली सगळी मेमरी कार्डं सर्वेशकडे सोपवली आणि मोकळा कॅमेरा गळ्यात अडकवून नुसताच बसून राहिला. त्याचा चेहरा बघून थाओला काय वाटलं कोणास ठाऊक, ती म्हणाली, माझ्या घरी चहाला चल, जवळच आहे. खाडीच्या काठाने, माडांच्या मधून स्कूटरवर बसून ते गेले.

घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. थाओची आजी. तिकडे आजीला 'बा' म्हणतात. जांभळं रेशमी, पायघोळ वस्त्र नेसलेली, केस चापून बसवलेले, ओठांना रंग. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई अशी नटून बसली होती की लवूला वाटलं हिच्याही घरात लग्न आहे. थाओ म्हणाली, लग्न नाही, आज गावातल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायला शहरातून माणूस येणार होता, तो काही आला नाही आणि ही सकाळपासून उठायला तयार नाही. मग ती लवूच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, तू काढशील?

कसला फोटो, असं लवूने विचारलं. थाओने घरातल्या देव्हाऱ्याकडे बोट केलं. तिथे तिच्या आजोबांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी एक जागा रिकामी.

 लवूने एकामागून एक सबबी सांगितल्या. बॅटरी उतरलीय. उजेड नाही. उद्या. बावीस वर्षांच्या घासून गुळगुळीत झालेल्या सबबी. पण बाने त्याच्या मनगटाला धरलं ते सोडेना, आणि खेचत त्याला अंगणात नेलं. त्याने कॅमेरा चालू केला तर त्यात कार्ड नाही. सुटलो, असं वाटलं त्याला. त्याने हाताने दाखवलं, कार्ड नाही. म्हातारीने त्याच्या छातीवरच्या खिशाकडे बोट केलं. सारखा तोच खिसा चाचपतोय म्हणजे त्यात काही तरी आहे हे तिने पायरीवर बसल्या बसल्या हेरलं होतं.

लवूने पिन काढली, पुडी उघडली. अंगारा जमिनीवर सांडला. कार्ड आत गेलं. लवू गुडघ्यावर बसला आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "भियाव नको. माझ्याकडे बगत रव." म्हातारीला मालवणी काय कळणार, पण ती भ्यालेली नव्हतीच. भ्याला होता तो लवू. त्याने दाबलं.

तिला लगेच बघायचं होतं. तिने कॅमेरा त्याच्या हातातून घेतला, स्वतःला बघितलं, पसंत केलं, आणि कुठलं तरी बटण दाबलं. पडद्यावर अक्का आली. सोलांच्या चटईवर उकिडवी, सरळ बघणारी.

ही कोण, असं म्हातारीने विचारलं. लवूने सांगितलं, आई. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि मग काही तरी बोलली. थाओने भाषांतर केलं, की फार छान आहे, देव्हाऱ्यात ठेवण्याजोगा आहे. लवू मटकन पायरीवर बसला. आणि तिथे, मोडक्या इंग्रजीत, जे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं ते त्याने दोन परक्या बायकांना सगळं सांगून टाकलं. मास्तरांचं, हयातीच्या दाखल्याचं, बाराव्या दिवसाचं.

थाओ नातीच्या अदबीने ते आजीला सांगत गेली. म्हातारी ऐकता ऐकता उठली, आत गेली आणि दोन चौकटी घेऊन आली. एकीत ती साठ वर्षांची, काळ्याभोर केसांची. दुसरीत बहात्तरची. थाओ म्हणाली, आजीने देव्हाऱ्यासाठी पहिला फोटो साठीतच काढून ठेवला. पण ती काही जाईना. आजोबा गेले ऐंशीला, त्यांचा फोटो म्हाताऱ्याचा. त्यांच्या शेजारी हा ठेवला तर लोक हिला त्यांची मुलगी समजतील, म्हणून दुसरा काढला. तोही जुना झाला. आजचा तिसरा. म्हातारीने चौकटींवर टिचकी मारली आणि हसत काही बोलली. थाओ म्हणाली, आजी म्हणते की मी दोन फोटो संपवले, हाही संपवीन.

मग म्हातारी हसायची थांबली आणि तिने एकच प्रश्न विचारला. तुझ्या आईने तिचा फोटो बघितला का?

लवूने नकारार्थी मान हलवली. म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं, की ज्याचं त्याला न देता परत आलेल्या माणसाकडे बघावं.

तिथूनच, अंगणातल्या माडाला टेकून, लवूने घरी फोन लावला. सावित्रीने उचलला आणि म्हणाली, अक्का जरा बाहेर गेल्या आहेत.  थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, हे लवूने मनाशी म्हटलं.

"सावित्री," तो म्हणाला, "मालवणीत सांग."

 पलीकडे सावित्री रडायला लागली. "अक्काक दवाखान्यात घातलंव. चार दिस झाले. जेवना नाय, निजना नाय, बोलना नाय. डॉक्टर म्हणतत काय एक सापडना नाय. तुमका तकडे कसा सांगू?"

परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, त्याआधी मिळेना. तो दिवस आणि तो प्रवास लवूला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की तो आपल्या बोटाकडे बघत होता. उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाकडे. याच बोटाने मास्तर गेले आणि याच बोटाने अक्का. मोप्याला उतरून त्याने गाडी केली. बांदा गेलं, झाराप गेलं, कुडाळ गेलं, ड्रायव्हर तिकडच्या पोरींबद्दल चौकशा करत होता आणि लवू खिशावर हात ठेवून बसला होता. आज नववा दिवस, एवढंच त्याला कळत होतं.

दवाखान्याचा जिना तो एकेक पायरी मोजत चढला. दाराशी सावित्री उभी होती. तिच्या तोंडाकडे बघण्याचीही त्याला हिंमत झाली नाही. तो तसाच आत गेला.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. हाताला सलाइन, गाल आत गेलेले, आठ दिवसांत निम्मी झालेली. पण डोळे उघडे होते आणि दाराकडेच लागलेले होते. शेजारी पेजेची वाटी तशीच पडलेली. लवू खाटेशी येऊन उभा राहिला. ती 'कधी आलास' म्हणाली नाही, की 'जेवलास का' म्हणाली नाही.

"माझो फोटो खंय आसा?" तिने विचारलं.

लवू म्हणाला, कसला फोटो?

"सोलां उलथताना काढलंस तो. बटणाचो आवाज माका आयकाक येता अजून." अक्काला दम लागत होता, तरी ती थांबली नाही. "जास्वंदीचो म्हणालंस, तेव्हा तुझा तोंड बगलंय मी. पांढराफटक. तू माका फोटो दाखवलंस नाय. तेव्हा माका कळला, तुका त्यात दिसला."

"काय दिसला?"

"माझा मराण."

 सगळं गाव म्हणतं की लवूला कॅमेऱ्यात आधी दिसतं, आणि गावाबरोबर त्याची आईही ते मानते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती सांगत गेली. तो विमानात बसला त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. मरणाचं काही नाही, एक्याऐंशी झाली, पण लवू जे बघून पळाला ते काय होतं, हे तिला कळेना. येवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भियालंय रे, असं ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखा तिचा ओठ थरथरला.

म्हणजे फोटोने काही केलं नव्हतं. जे काही केलं ते पिन लावलेल्या त्या खिशाने. लवूने खाटेची कड धरली. मास्तर गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो आईसमोर रडला, हमसून हमसून रडला, आणि रडता रडता म्हणाला की मला काही दिसलं नाही गो, मला कधीच कोणाचं काही दिसलं नाही, मी फक्त भितो.

मग त्याने कॅमेरा काढला आणि खिशातलं कार्ड आत घातलं. आधी ती जांभळ्या वस्त्रातली म्हातारी आली. अक्काने विचारलं, ही कोण? लवू म्हणाला, तिकडची आजी, हा तिचा तिसरा फोटो, आधीचे दोन तिने जगून संपवले. अक्काने 'बरां आसा' अशी मान हलवली. लवूने बटण दाबलं.

अक्काने कॅमेरा सलाइन नसलेल्या हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बघतच राहिली. सावित्री दारातून आत आली तरी तिने वर बघितलं नाही.

"ही मी न्हय," ती शेवटी म्हणाली. "ही माझी आवस."

तिची आई साठ वर्षांपूर्वी दोडामार्गाकडच्या एका गावात वारली होती. तिचा एकही फोटो नव्हता. कोण काढणार तेव्हा? चेहरा आठवायचा म्हणून अक्का कित्येक वर्षं डोळे मिटून बसायची आणि तो यायचा नाही. तो आता तिच्या तळहातावर होता, तांबड्या सोलांच्या चटईवर, सरळ बघत. तिने बोटाने पडद्यावरचा गाल पुसला. मग सावित्रीला म्हणाली, पेज गरम करून आण.

अर्धी वाटी पेज पोटात गेल्यावर तिच्या आवाजात जरा धार आली. तिने लवूला विचारलं, तुझा फोटो कुठे आहे? लवू विचारात पडला. आधार कार्डावरचा तेवढा होता. लग्नातला होता, घोळक्यातला. एरवी तो सदा कॅमेऱ्याच्या मागे.

अक्काने सावित्रीचा मोबाइल मागून घेतला. कुठे दाबायचं ते विचारून घेतलं. खाटेपाशी एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर लवूला बसायला सांगितलं. लवू बसला. आणि बसल्याबरोबर त्याची छाती अशी धडधडायला लागली की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हात कुठे ठेवावेत कळेना. अशा स्टुलावर त्याने किती जणांना बसवलं होतं, आणि इथे बसल्यावर काय होतं हे त्याला आज बावन्नाव्या वर्षी कळत होतं. त्याने मान खाली घातली.

अक्काने मोबाइल वर धरला.

"भियाव नको," ती म्हणाली. "माझ्याकडे बगत रव."

लवूने मान वर केली आणि बावीस वर्षांनी पहिल्यांदा आईच्या तोंडाकडे नीट बघितलं.